हाताने फॅशिया मोकळी केली, तरी हॅमस्ट्रिंग पुन्हा का आखडतात?

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय यात घोळ नको. वय ३४, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत, आठवड्यातून तीनदा पळायला जाता. उभ्यानं खाली वाकलं की बोटं जमिनीपासून वीतभर वरच राहतात. दोन वर्षं नेमानं स्ट्रेचिंग केलं, फरक शून्य. मग एका थेरपिस्टनं मांडीच्या मागे फॅशियावर, म्हणजे कातडीखालून स्नायूंना वेढणाऱ्या पापुद्र्यावर, तासभर हातानं काम केलं आणि टेबलवरून उतरल्या उतरल्या बोटं जवळजवळ टेकली. चौथ्या दिवशी पुन्हा वीतभर वर. आता दहा सत्रं सुचवली आहेत. तुमचं म्हणणं, फॅशिया खरंच चिकटलेली असते का, हातानं ती सुटते का आणि ही दहा सत्रं घ्यावीत का?

यातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत, ती म्हणजे ‘चौथ्या दिवशी’. दोरी खरोखर आखूड असती तर ती तासाभरात वीतभर वाढली नसती, आणि एकदा वाढल्यावर चार दिवसांत पुन्हा आटलीही नसती. म्हणजे लांबी बहुधा बदललीच नव्हती. मग त्या तासात बदललं काय? ते कळलं की दहा सत्रांचं काय करायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, या कामाला एकवीस वर्षं झाली. फॅशियावर हातानं काम मीही रोज करतो, त्यामुळे त्या उपचाराशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्यासोबत जी कहाणी सांगितली जाते तिच्याशी. आणि एक आधीच कबूल करतो. तुमचा पाय हातात घेऊन बघितल्याशिवाय निदान करणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. पुढचं बरंच काही ‘जर’वर टांगलेलं आहे, आणि सगळ्यात मोठा ‘जर’ पहिलाच आहे: अडतंय ते खरंच हॅमस्ट्रिंगमध्ये आहे का?

हॅमस्ट्रिंग हा एक स्नायू नाही, तीन आहेत. मांडीच्या मागे बाहेरच्या अंगाला बायसेप्स फिमोरिस, आतल्या अंगाला सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस. आपण ज्या हाडांवर बसतो तिथून ते निघतात आणि गुडघा ओलांडून नडगीच्या दोन्ही हाडांना जाऊन लागतात. फक्त बायसेप्सचं आखूड डोकं मांडीच्या हाडावरूनच सुरू होतं. म्हणजे त्या एका तुकड्याचा अपवाद सोडला तर हे स्नायू खुबा आणि गुडघा असे दोन सांधे सांभाळतात. त्यांच्या सोबतीनं, खालून, सायटिक नस जाते, म्हणजे कमरेतून पायात उतरणारा जाड मज्जातंतू. हिची गाठ पुढे पडणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

उभ्यानं वाकून बोटं टेकवणं ही हॅमस्ट्रिंगची परीक्षा, असं सगळे धरून चालतात. पण त्या वाकण्यात पाठ किती गोल होते, पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कटोरा, किती पुढे झुकतं, पोटरी किती सोडते, नस किती सरकते आणि मुळात हात-पायांचं प्रमाण काय आहे, हे सगळं मिसळलेलं असतं. लांब हातांचा माणूस आखडलेल्या हॅमस्ट्रिंगनिशी बोटं टेकवतो आणि लांब पायांचा माणूस चांगल्या हॅमस्ट्रिंगनिशी वर लटकतो. वेल्स आणि डिलन यांनी १९५२ साली बसून हात पुढे नेण्याची जी चाचणी मांडली, जी पुढे शाळाशाळांत पोचली, तिलाही त्यांनी पाठ आणि पाय या दोहोंच्या लवचिकतेची चाचणी म्हटलं होतं. पाठ कधी गळून पडली आणि नुसता पाय उरला, कोण जाणे.

म्हणून जमिनीपासूनचं अंतर बाजूला ठेवा आणि घरी तीन गोष्टी करून बघा. एक, पाठीवर सपाट झोपा, एक पाय सरळ जमिनीवर आणि दुसरा पाय गुडघा न वाकवता कुणाकडून तरी हळू उचलून घ्या. खालचा पाय उचलला जाता कामा नये. साधारण ८० अंशांच्या आसपास पोचलात तर हॅमस्ट्रिंग ठीकठाक आहेत, अडचण पाठीत किंवा वाकण्याच्या पद्धतीत शोधा. दोन, तसंच झोपून मांडी काटकोनात उभी धरा आणि गुडघा स्वतःच्या ताकदीनं सरळ करा. पूर्ण सरळ व्हायला वीसेक अंश कमी पडले तर चालतं. तुम्हाला चाळीस कमी पडत असतील तर हॅमस्ट्रिंगबद्दल बोलू.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि तीच बहुतेकदा केली जात नाही. पहिल्या चाचणीत जिथे ताण येतो तिथे पाय थांबवा आणि तो दोन बोटांच्या रुंदीइतका खाली आणा, म्हणजे ताण जेमतेम जाणवेल. आता मांडी न हलवता पाऊल स्वतःकडे ओढा. मग पाऊल सैल सोडून फक्त मान उचला आणि हनुवटी छातीकडे न्या. हॅमस्ट्रिंग गुडघ्याखाली संपतात. ते ना पावलापर्यंत जात, ना मानेपर्यंत. तरीही मान उचलल्यावर मांडीमागचा ताण वाढला तर तो ताण स्नायूतला एकट्याचा नाही, नसही बोलतेय. जेफ्री मेटलंड या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टनं १९७९ साली बसून करायची जी ‘स्लम्प’ चाचणी मांडली तिच्यामागचा विचार हाच आहे. एक खबरदारी: निरोगी माणसातही मान वाकवल्यावर ताण थोडा वाढतोच. त्यामुळे दोन्ही पायांत फरक आहे का आणि ताणाची जात कोणती आहे, हे बघायचं. स्नायूचा ताण जाड, पसरट असतो आणि मांडीच्या मध्यावर लागतो. नसेचा ताण तारेसारखा बारीक, पोटरीत किंवा गुडघ्यामागे उतरणारा, कधी मुंग्या आणणारा.

हे मी इतकं ताणून सांगतोय कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक लांब पल्ल्याचे धावपटू यायचे, चाळिशीचे. उजवी मांडी मागून ‘बांधल्यासारखी’ वाटते म्हणायचे. मी सहा आठवडे कोपर लावून त्यांच्या मांडीचा समाचार घेतला. दर वेळी थोडं मोकळं वाटायचं, रात्री पोटरीत मुंग्या यायच्या, आणि मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगायचो, “सुटतेय, म्हणून मुंग्या येतात.” एक दिवस माझ्या ज्येष्ठ सहकारी बाई शेजारच्या टेबलवरून बघत होत्या. त्या उठून आल्या, त्यांनी धावपटूंचा पाय अडतो तिथपर्यंत उचलला, काही बोलल्या नाहीत, फक्त धावपटूंच्या डोक्याखालची जाड उशी काढून घेतली. पाय सहज तळहातभर वर गेला. मग उशी परत ठेवली, पाय परत अडला. “याची मांडी कशाला मळतोयस?” एवढंच म्हणाल्या. कमरेतल्या चिडलेल्या नसेला मी सहा आठवडे कोपरानं दाबत आणि वर स्ट्रेचिंगनं ओढत होतो. दाबणं-ओढणं बंद केलं, नस अलगद पुढेमागे सरकवण्याचे व्यायाम दिले, आणि तीनेक आठवड्यांत त्यांचं बांधलेपण गेलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आखडलेल्या मांडीची मान आधी हलते.

तुमची दोन वर्षं स्ट्रेचिंग करून फरक पडला नाही, यानं मला हीच शंका आधी येते. दुसरी शंका पेल्व्हिसची. काही जणांचं पेल्व्हिस उभं राहतानाच पुढे झुकलेलं असतं, त्यामुळे हॅमस्ट्रिंग आधीच वरून ओढलेले असतात. ताणलेली दोरी हाताला घट्टच लागणार, ती आखूड आहे म्हणून नव्हे. अशा माणसाला आणखी ताण देऊन काही साधत नाही, त्याला ताकद हवी असते. पण समजा, तुमच्या चाचण्यांत नस शांत आहे, पाय साठ अंशांवर अडतोय आणि अडतोय तो मांडीच्या मध्यावर. तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

आता फॅशिया. कातडीखाली चरबीचा सैल थर असतो आणि त्याखाली पांढरट, चिवट पापुद्रा. मांडीला तो घट्ट मोज्यासारखा चहूबाजूंनी वेढतो, त्याला फॅशिया लाटा म्हणतात. बाहेरच्या बाजूला तो इतका जाड होतो की त्या भागाला इलिओटिबियल पट्टा असं वेगळं नाव आहे. हा पापुद्रा एकसंध नसतो. कोलॅजनच्या तंतूंचे दोन-तीन थर एकमेकांवर वेगवेगळ्या दिशांनी बसलेले असतात आणि त्यांच्यामध्ये हायल्युरोनन नावाचं बुळबुळीत वंगण असतं. हालचाल होते तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात कार्ला स्टेको यांनी या थरांवर आणि वंगणावर बरंच काम केलंय. त्यांची मांडणी अशी की हालचाल कमी झाली किंवा एकाच भागावर फार ताण पडत राहिला की हे वंगण घट्ट होतं, थर सरकायला कुरकुरतात. ऊब, दाब आणि हालचाल मिळाली की ते पुन्हा पातळ होतं.

‘चिकटलेली फॅशिया’ या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात, तुमची गल्लत तिथेच होतेय. शस्त्रक्रियेचा व्रण, भाजल्याची जखम, स्नायू खोलवर फाटून भरून आलेला, अशा ठिकाणी थर खरोखर एकमेकांना जुळून बसतात. ती चिकटण बोटांना कळते, आणि तिच्यावर काम करायला महिने लागतात. खुर्चीत बसणाऱ्या, कधी दुखापत न झालेल्या माणसाच्या मांडीत असलं काही नसतं. तिथे फार तर थर आळसावलेले असतात. सकाळी उठल्यावर जड वाटतं आणि दहा मिनिटं चाललं की जातं, ते याच जातीचं.

मग हाताच्या दाबानं फॅशिया लांब होते का? हान्स चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याचा गणिती हिशोब मांडला. त्यांच्यात रॉबर्ट श्लाइपही होते, जे स्वतः फॅशियाच्या अभ्यासातलं मोठं नाव, म्हणजे हे कुणा विरोधकाचं काम नव्हे. निष्कर्ष असा निघाला की फॅशिया लाटासारखा चिवट पापुद्रा एक टक्का दाबायचा किंवा एक टक्का सरकवायचा म्हटलं तरी माणसाच्या हातात नाही इतका जोर लागेल. एक टक्का! तुमची वीत त्यातून आलेली नाही हे उघड आहे. आमच्या बोटांना जे ‘सुटल्यासारखं’ लागतं ते खोटं नसतं, मलाही रोज लागतं. पण ते पापुद्रा लांब झाल्याचं लक्षण नाही. त्याखालचा स्नायू पहारा सोडतोय, पाणी आणि वंगण इकडचं तिकडे होतंय, एवढंच त्यातून म्हणता येतं.

वेप्लर आणि मॅग्नसन यांनी २०१० साली स्ट्रेचिंगबद्दल जे लिहिलं ते मला तुमच्या चार दिवसांचं सगळ्यात चांगलं उत्तर वाटतं. आजवरचे पुरावे तपासून त्यांनी म्हटलं की काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगनं हालचाल वाढते ती बहुतेकदा स्नायू लांब झाल्यामुळे नाही, तर ताण सोसण्याची तयारी वाढल्यामुळे. जिथे आधी मेंदू ‘बस’ म्हणायचा तिथे तो आता ‘अजून थोडं’ म्हणतो. सोप्या भाषेत, लांबी तुमच्याकडे आधीपासून होती, परवानगी नव्हती.

हाताचा उपचार ही परवानगी मिळवून देतो, आणि तीही बऱ्यापैकी झटपट. यावर शंका असेल तर आणखी दोन गोष्टी सांगतो. ग्रीव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एका छोट्या अभ्यासात लोकांना दोन्ही तळपायांखाली टेनिसचा चेंडू फिरवायला लावला, आणि बसून पुढे वाकण्याची त्यांची मजल तिथल्या तिथे वाढली. मांडीला कुणी हात लावला नव्हता. २००९ सालच्या आणखी एका अभ्यासात आखूड हॅमस्ट्रिंगवाल्यांच्या कवटीखालच्या, मानेच्या मागच्या बारीक स्नायूंवर नुसता हलका दाब दिला, तरी पाय जास्त वर गेला. काही जण यातून ‘टाळूपासून तळव्यापर्यंत एकच फॅशियाची साखळी’ असा अर्थ काढतात. साखळी आहे की नाही यावर मी वाद घालणार नाही. पण तळपायाखालच्या चेंडूनं मांडीची फॅशिया लांब होत नाही, एवढं मानायला हरकत नसावी. त्वचेत आणि फॅशियात स्पर्शाची, ताणाची, दाबाची असंख्य टोकं असतात. त्यांच्याकडून ‘सगळं ठीक आहे’ असा निरोप गेला की मज्जासंस्था पहारा सैल करते.

आणि सैल केलेला पहारा पुन्हा लागतो. नुसत्या फोम रोलरचा, म्हणजे ज्यावर मांडी घोळवतात त्या फोमच्या लोडाचा, परिणाम साधारण अर्ध्या तासात ओसरतो. चांगल्या हातांनी नीट केलेलं सत्र, माझ्या अनुभवात, एक ते तीन-चार दिवस टिकतं. तुमचं चार दिवस टिकलं म्हणजे तुमच्या थेरपिस्टनं काम चांगलं केलं. दोष तिथे नाही. त्या चार दिवसांत तुम्ही काय केलंत, हे कुणी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. बहुधा पुन्हा खुर्चीत बसलात आणि तिसऱ्या दिवशी पळून आलात. पळताना पाय पुढे जातो तेव्हा गुडघा वाकलेलाच असतो, त्यामुळे सावकाश पळण्यात हॅमस्ट्रिंगला त्याची पूर्ण लांबी लागतच नाही. जी लांबी वापरात नाही तिथली परवानगी मेंदू परत घेतो.

इथवरचं दोन ओळींत: हातानं मोकळीक मिळते ती खरी, पण ती उसनी. ती स्वतःची करायची असेल तर मोकळीक मिळालेल्या वेळात त्या नव्या टप्प्यात जोर लावावा लागतो.

माझ्या टेबलवर हे कसं घडतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या थेरपिस्टकडे काय बघायचं ते कळेल. आधी मोजमाप: दोन्ही पाय, अंशांत, लिहून. मग पालथं झोपवतो आणि घोट्याखाली गुंडाळी ठेवतो, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहून स्नायू सैल पडतो. तेल जवळजवळ घेत नाही. तेलावरून हात घसरतो, आणि मला घसरायचं नाही, कातडीखालचा थर पकडून सरकवायचाय. तळहाताची टाच बसण्याच्या हाडाखाली चार बोटांवर टेकवतो, आधी सरळ खाली दाबतो, थर लागला की दिशा तिरकी करून गुडघ्याकडे झुकतो. आणि थांबतो. पहिली तीसेक सेकंदं काहीच होत नाही. नवशिक्याचा धीर इथेच सुटतो आणि तो जोर वाढवतो. दीड-दोन मिनिटांनी हात आपोआप पुढे जायला लागतो, ओल्या मातीत टाच रुतावी तसा. या वेळात माझी नजर मांडीवर नसते, पायाच्या बोटांवर असते. बोटं आवळली, श्वास अडखळला की दाब जास्त झाला, मग तोंडानं पेशंट कितीही “चालेल, चालेल” म्हणो. दुखणं दहापैकी पाचच्या वर गेलं तर मज्जासंस्था पहारा सोडायच्या ऐवजी वाढवते. दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग पडणं ही उपचार लागू पडल्याची खूण नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

मग बायसेप्स आणि सेमिटेंडिनोसस यांच्यामधली खाच. तिथे अंगठ्याच्या शेजारच्या बोटांनी, हाडाला समांतर, सावकाश. गुडघ्यामागच्या खळगीत दाबत नाही, तिथून रक्तवाहिन्या आणि नस जातात. गुडघ्याच्या बाहेर खाली फिब्युलाचं, म्हणजे नडगीच्या बारीक हाडाचं, जे गोल टोक लागतं त्याच्या मागेही नाही, तिथे नस अगदी वर असते आणि दाबली तर पाऊल झिणझिणतं. शेवटचा भाग मला सगळ्यात आवडतो. मी एक जागा दाबून धरतो आणि पेशंटला गुडघा स्वतः वाकवायला आणि सरळ करायला सांगतो, आठ-दहा वेळा. इथे तो नुसता पडून नसतो, हालचाल त्याची असते. सगळं मिळून एका मांडीला बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. तासभर कशासाठी लागतो, मला कधी कळलं नाही.

आणि मग, तो उठून बसायच्या आत, पुन्हा मोजमाप. पाच अंश वाढले, दहा वाढले, काहीच नाही वाढले, जे असेल ते. काहीच नाही वाढलं तर पुढच्या वेळी तेच करण्यात मला अर्थ वाटत नाही, मी परत नस, खुबा, पाठ तपासायला जातो.

वाढलं असेल तर घड्याळ चालू झालं. पहिल्या पाच मिनिटांतच मी त्यांना उभं करतो. दोन्ही हातांत हलकी वजनं, गुडघे किंचित सैल, कंबर मागे ढकलत, पाठ सपाट ठेवून खाली जायचं. याला रोमानियन डेडलिफ्ट म्हणतात. खाली जायला चार सेकंद, शेवटी एक क्षण थांबणं, वर यायला दोन. आठ वेळा, तीन फेऱ्या. पाठ गोल झाली की तिथेच थांबा, कारण तुमची जुनी सवय हीच असणार: हॅमस्ट्रिंगऐवजी पाठीतून वाकणं. दोन वर्षं तुम्ही जे स्ट्रेचिंग केलंत त्यात पाठच ताणली गेली असण्याची शक्यता मी नाकारत नाही. त्यानंतर पाठीवर झोपून, गुळगुळीत फरशीवर टाचांखाली फडकं घेऊन, कंबर उचलून धरायची आणि टाचा हळूहळू पुढे सरकवत पाय लांब करायचे. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी पाच जमले तर पुष्कळ, आणि पेटका आला तर घाबरू नका.

हे आठवड्यातून तीनदा, उपचार असो वा नसो. स्नायू लांब होत जाताना त्याच्यावर जोर आला तर काही आठवड्यांत त्याच्या तंतूंची लांबी खरोखर वाढते, हे मोजलेलं आहे. हातानं जे होत नाही ते इथे होतं. तुम्ही धावता, म्हणून आणखी एक फायदा. गुडघ्यावर बसून, घोटे कुणी धरून ठेवलेले, अंग सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकायचं, हा नॉर्डिक व्यायाम नेमानं करणाऱ्या खेळाडूंमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी झाल्याचं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. पण तो दीड-दोन महिन्यांनंतर, आत्ता नको, आत्ता केलात तर चार दिवस जिना उतरता येणार नाही.

साधं स्ट्रेचिंग टाकून द्यायचं का? नाही. बँडी आणि आयरियन यांनी १९९४ सालीच दाखवलं की हॅमस्ट्रिंगला ३० सेकंदांचा ताण ६० सेकंदांइतकाच लागू पडतो. त्यांचा कार्यक्रम आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे होता. तेवढं पुरे. तेही पाठीवर झोपून, म्हणजे पाठ गोल व्हायची सोय राहणार नाही. पळण्याआधी थेरपिस्टऐवजी तळपायाखाली चेंडू दोन-दोन मिनिटं फिरवला आणि लगेच पाय झुलवले, तरी परवानगीचं काम स्वस्तात होतं.

आता दहा सत्रं. मी तुमच्या जागी असतो तर तीन घेतली असती, आठवड्याला एक, आणि प्रत्येकाच्या आधी-नंतर अंश लिहून मागितले असते. बघायचा आकडा सत्रानंतरचा नाही, तो बहुतेकदा सुखावणाराच असतो. बघायचा तो पुढच्या सत्राच्या *आधीचा*. दुसऱ्या आठवड्यात तो पहिल्यापेक्षा चार-पाच अंश वर आणि तिसऱ्यात आणखी वर असेल, तर काहीतरी साठतंय, आणखी दोन-तीन घ्या आणि मग आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी एक करा. तो आकडा जागचा हललाच नाही तर चौथं सत्रही नको. आणि थेरपिस्टला एक सरळ विचारा: “सत्र संपल्यावर मी घरी काय करायचं?” उत्तर “आराम करा, भरपूर पाणी प्या” एवढंच आलं तर दहा काय आणि वीस काय.

काही परिस्थितींत हे सगळं बाजूला ठेवायचं. पळताना मांडीमागे फटकन काही तुटल्यासारखं झालं असेल, सूज किंवा निळसरपणा असेल, तर सुरुवातीच्या दिवसांत तिथे खोल दाब देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखरेपणा असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला मसाज नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि दोन्ही पायांत बधिरपणा, बसण्याच्या जागेची संवेदना जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यांपैकी काहीही असेल तर थेट तातडीच्या विभागात जा. आणखी एक उलटी परिस्थिती: काही जणांचे सांधे मुळातच सैल असतात, कोपर-गुडघे उलटे वाकतात, आणि तरी त्यांना हॅमस्ट्रिंग ‘आखडलेले’ वाटतात. तिथे स्नायू सांध्याची राखण करतोय. त्याचा पहारा काढून घेऊ नका.

मोजताना दिवसाची एकच वेळ ठरवा, आणि ती सकाळी उठल्या उठल्याची नको. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, तेव्हा कुणीही लाकडासारखंच वाकतं. संध्याकाळी, पाच मिनिटं चालून झाल्यावर मोजा. आणि मान उचलल्यावर मांडीमागचा ताण वाढला का, तो जाड होता की तारेसारखा, डाव्या-उजव्यात फरक होता का, एवढं मात्र पुढचं सत्र ठरवायच्या आधी मला कळवा. तार असेल तर वर लिहिलेल्या डेडलिफ्टला हात लावू नका, तुमचं उत्तर मला वेगळं लिहावं लागेल.